डोक्यावर हात

पोट दोन इंच कमी. दौलताबादचा किल्ला मध्ये न थांबता वरपर्यंत. नळाला आठव्या दिवशी पाणी आलं तरी शिवी नाही. गार्गीला गणित मीच शिकवणार. गुटखा कायमचा बंद.

एक जानेवारीला ही यादी मी फ्रिजवर चिकटवली. शेवटच्या कलमासाठी मी दर वर्षी गार्गीच्या, माझ्या मुलीच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. मोडली तर तिचं वाईट होईल, म्हणून मोडायची नाही. संक्रांतीच्या आत मोडते.

यंदा हात पुढं केला, तर ती खुर्चीसकट मागं सरकली.

"पप्पा, प्लीज. यंदा माझी दहावीये."

मी हसलो. "मग शपथ घेऊ कुणाची?"

"मम्मीच्या डोक्यावर ठेवा."

"माझ्या नाय हां," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "स्वतःच्या डोक्यावर ठेवा की. तेवढं एकच राहिलंय."

गार्गी बघत होती. मी हात उचलला. कानापर्यंत गेला, पुढं जाईना. खरंच काही झालं तर? तिच्या डोक्यावर तो इतकी वर्षं किती सहज गेला होता. बोटांना गुटख्याचा गोडसर, कुजका वास येत होता. तो हात मला अंगापासून लांब कुठंतरी ठेवून द्यावासा वाटला.

गार्गीला दुसरीत असताना डेंगी झाला होता. ती आत सलाईनवर होती, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मी पुडी फोडली होती.