काहिलीचा ताबा

कोर्टाच्या खिडकीबाहेर छपरावरचं बर्फ वितळून पागोळ्या गळायला लागल्या आणि रोलांड फोर्निएची टाच आपोआप जमिनीवर ताल धरू लागली. रात्री हाडं गोठवणारी थंडी आणि सकाळी हे लख्ख ऊन! आज सगळ्या व्हरमाँटमध्ये मेपलच्या झाडांतून रस धावत असणार. आणि आपण इथे बाकावर बसून वकिलांची भाषणं ऐकतोय, या विचाराने ती सत्तरीची बाई नुसती चुळबुळत होती.

तिचा जीव एका वस्तूत अडकला होता. रस आटवून पाक करायची तिची बारा फुटी काहील. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा झाडांसकट ती तिने केंडल प्रॅटला हप्त्यांवर विकली. काहील त्याच्याकडे, पण पैसे फिटेपर्यंत तिच्या नावे तारण. पुढे हप्ते थांबले, केंडलने दिवाळं जाहीर केलं आणि कायद्याची मनाई लागू झाली: त्याच्या कुठल्याही वस्तूला कोणी हात लावायचा नाही. ती मनाई उठवून घ्यायला रोलांड आली होती. बाहेर तिचा ट्रक दोरखंडासकट तयार होता.

"हा फोटो बघा, जजसाहेब," तिचे वकील हॅथवे म्हणाले. "गेल्या वर्षी प्रॅटने काहील करपवली. यंदा तळ जाईल. मग तारण कसलं, भंगार उरेल."

"काहील गेली तर मी पाक कशात करू, बादलीत?" केंडल म्हणाला. तिशीचा पोरगा, पण चेहरा पार उतरलेला. "पाक विकला तरच यांचे हप्ते सुटतील. रसाची टाकी काठोकाठ आलीय, साहेब. दुपारनंतर रस नुसता वाहून जाईल."

रोलांडला राहवेना. "चुलाण पेटवून आलास का रे?"

"मी इथे असताना? काकू, काहिलीपाशी बसणार कोण?"

पेटत्या चुलाणापासून हलायचं नसतं, एवढी तरी अक्कल याला आली म्हणायची. तिला उगीचच बरं वाटलं.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "फोर्निएबाई, काहील नेऊन काय कराल?"

"घासूनपुसून शेडमध्ये ठेवीन."

"आणि रस?"

झाडं तर तिने विकली होती; काहील नेली तर यंदाचा सगळा रस वाया जाणार. काहील काहील करत महिनाभर ती धुमसत होती, पण हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाहेर पागोळ्या आता धारेने गळत होत्या.

"तारण सुरक्षित राहावं, एवढं कायदा बघतो," जज म्हणाले. "काय केलं तर तुम्हाला ते सुरक्षित वाटेल?"

"दरमहा ठरावीक रक्कम..." हॅथवे उठले.

"मी त्यांना विचारलंय."

"मला चुलाणापाशी उभं राहू द्या," रोलांड म्हणाली, आणि आपलंच बोलणं ऐकून ती स्वतःच चकित झाली. "हंगाम संपेपर्यंत. लाकडं हा सारेल, काहील मी बघेन. फेस वर आला की तो बसवायला मलईचा थेंब मी टाकणार, याने मध्ये हात घालायचा नाही. पहिला पाक विकला की पहिला हप्ता."

हॅथवेंनी कपाळाला हात लावला.

"साहेब, या मला दिवसभर शिव्या घालतील," केंडल म्हणाला.

"घालू देत. त्याला कायद्याची मनाई नाही," जज लिहिता लिहिता म्हणाले. "तुमची हरकत?"

केंडलने खिडकीकडे पाहिलं. "नाही, साहेब. फक्त सही लवकर करा."

रोलांड कठड्याला न धरता पायऱ्या उतरली. ट्रकची किल्ली तिने केंडलच्या अंगावर फेकली. "तू चालव."

"काकू, धुराड्यावरचं झाकण सकाळीच काढून ठेवलंय."

"उपकार केलेस. वाटेत मलई घे."

सीटवर दोरखंडाचं वेटोळं पडलं होतं. तिने ते खाली ढकललं, त्यावर दोन्ही पाय ठेवून ऐसपैस बसली आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली.

"बघतोस काय? हाण."