वाटली डाळ आणि विमानाचं इंजिन

कोरोनाच्या वर्षी इकडे परदेशात, आमच्या ग्लेन वेव्हर्लीत कडक लॉकडाउन होता. विसर्जनाला तीन दिवस उरले असताना पुण्याहून आणलेला माझा मिक्सर बंद पडला. प्रसादाची वाटली डाळ आता कशी करायची, या विचाराने मला रडू यायला लागलं.

"अगं, मी आहे ना!" हे म्हणाले. आमचे हे विमानांचे इंजिनिअर. त्रेसष्ट साली मला बघायला आले, तेव्हाही इंजिनांवरच बोलत बसले होते. "महायुद्धात इंजिनांची ताकद कशी वाढवली, ठाऊक आहे? तुटेपर्यंत पळवायचं, तुटेल तो भाग भक्कम करायचा, की पुन्हा पळवायचं!"

"अहो, मला उडायचं नाहीये. डाळ वाटायचीय."

दोन दिवस गॅरेज घरघरत होतं. विसर्जनाच्या आदल्या रात्री मी डाळ भिजत घालायला डबा उघडला, तर तो रिकामा. दुकानातली डाळ तर केव्हाच संपली होती.

"अहो, डाळ कुठंय?"

"रिकामा मिक्सर पळवून काय कळणार? त्याला भार नको? सगळी डाळ दळली, पण काही तुटलं नाही! पीठ बघ किती बारीक आलंय!"


त्या वर्षी बाप्पाला निरोप देताना प्रसादाला पिठलं होतं.