मंगळवार-शनिवारचा दाब

"या हिवाळ्यात तिसरा! अरे लाइल, पाण्याचा रेग्युलेटर आहे हा, मोजे नव्हेत." वाँडाने तो आपल्या दुकानाच्या काउंटरवर आपटला.

लाइल हसला नाही. चष्मा कपाळावर चढवून तो पितळेचा ठोकळा उलटसुलट करत बसला. त्याची बायको मार्लीन शेजारीच उभी होती.

आमच्या वाळवंटातल्या कॅम्पात नळाला पाणी असं सुटतं की विचारू नका. चाकांवरच्या घरातले नाजूक पाइप ते सोसत नाहीत. म्हणून नळ आणि गाडीची नळी यांच्यामध्ये रेग्युलेटर बसवायचा, म्हणजे दाब आवरला जातो. मागच्या वर्षी तो नव्हता, तर सिंकखालचा पाइप फुटला आणि निम्मी फरशी फुगून वर आली. तेव्हापासून लाइल डोळ्यांत तेल घालून त्याला जपतो.

पण त्यामुळे शॉवरला येते ती करंगळीएवढी धार. मार्लीनचे केस कमरेपर्यंत. शाम्पू निघता निघत नाही. सहा वर्षांत या फिरत्या संसाराला ती पुरती विटली होती. आज संध्याकाळी लाइलला सांगून टाकायचं आणि आयोवाला बहिणीच्या घरी कायमचं जायचं, असं तिचं ठरलं होतं. केसांपुरता मात्र तिनेच मार्ग काढला होता. मंगळवारी आणि शनिवारी, लाइल घोरत असताना, ती गुपचूप बाहेर जायची, रेग्युलेटर काढून नळी थेट नळाला जोडायची आणि मनसोक्त न्हायची. मग परत सगळं होतं तसं.

"पण बिघडलाय म्हणजे होतं तरी काय?" वाँडाने विचारलं.

"एरवी ठीक असतो. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सातला दाब एकदम चढतो. सात-वीसला उतरतो."

"वार बघून बिघडणारा रेग्युलेटर! जन्मात ऐकला नाही बाई." वाँडाला कुतूहल आवरेना. "अरे, कुणीतरी काढतंय तो! हा घे, कुलपाचा. किल्ली तुझ्या खिशात. बघू कोण हात लावतं ते."

मार्लीन घाईघाईने केसांचा अंबाडा घालायला लागली.

"कुलूप नको," लाइल म्हणाला. "काढावाच लागणार नाही, असा दे. दाब आवरेल, पण पाणी भरपूर सोडेल."

वाँडाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा मार्लीनच्या केसांकडे. मग वरच्या फळीवरचा, दाब दाखवणारा काटा असलेला मोठा रेग्युलेटर खाली काढला. "पण मला एक सांग, सात आणि सात-वीस हे तुला इतकं नेमकं कसं ठाऊक?"

लाइल बुटांकडे बघायला लागला. "ही न्हात असते तोवर मी बाहेर नळावर हात ठेवून उभा असतो. पाइप फुटलाच तर नळ लगेच बंद करता यावा. पाणी थांबलं की पळत येऊन घोरतो."

जानेवारीतल्या सकाळी तिथे बोटं वाकत नाहीत. मार्लीनला भरून आलं आणि तेवढाच रागही आला. "मग मेल्या, बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू न्हाणं सोडलं असतंस."

मार्लीनने तो मोठा रेग्युलेटर हातात घेऊन त्याचं वजन बघितलं.

"वाँडा," ती म्हणाली, "हा किती वर्षं टिकतो गं?"