गुरुवारचं चार्जिंग

गुरुवार होता, म्हणून कुंदाताईंनी दिगंबररावांच्या पाठीतलं यंत्र चार्जिंगला लावलं. दिगंबरराव महिन्यापूर्वीच गेले होते. दहनाआधी डॉक्टरांनी काढून दिलेलं यंत्र आता सुपारीच्या डबीत राहत होतं.

पाठीत विजेच्या मुंग्या सोडून हे यंत्र ऑपरेशननंतरही न हटलेली पाठदुखी गप्प बसवायचं. यंत्र त्यांच्या पाठीत, रिमोट मात्र ताईंच्या हातात. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी सत्ता ताईंना प्रथमच मिळाली होती. “पुरे, की वाढवू?” त्या विचारायच्या.

“आई, आता कशाला चार्ज करता?” सुनेनं विचारलं.

“बंद पडलं तर कुरकुरतील.”

सून हसली. ताई हसल्या नाहीत. शेवटच्या दुपारी दिगंबररावांनी ताईंच्या भावाच्या चालण्याची नक्कल केली, म्हणून ताईंनी रागानं यंत्र बंद केलं होतं. ते मुळीच कुरकुरले नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं; पण डॉक्टरांच्या हातात रिमोट नव्हता.

ताईंनी रिमोटवरचा आकडा पाचवर नेला. “पुरे, की वाढवू?” त्यांनी डबीला विचारलं.

उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी सहा केला.