दिव्याखालची खुर्ची

“रंग द्यायचा राहिलाय काय?” रावजींनी मान वर करून विचारलं.

त्यांना मानाची खुर्ची दिली होती आणि तिच्या बरोबर वर सिमेंटचा दिवा लोंबत होता. नारळाएवढा, राखाडी, एका काळ्या वायरीवर. रावजी पस्तीस वर्षं गवंडी. सिमेंट पायाखाली असतं, फार तर भिंतीत. ते डोक्यावर टांगतात हे त्यांना नवीन होतं.

गौरवची आई म्हणाली, तो तसाच असतो, मिनिमल म्हणतात त्याला. गौरवनंच आणलान मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनातून.

‘मिनिमल’चा अर्थ रावजींनी मनात ‘अर्धवट’ असा लावला.

संगमेश्वरचं हे स्थळ त्यांच्या मुलीच्या, अक्षयाच्या, मैत्रिणीनं सुचवलेलं. मुलामुलीनं एकमेकांना फोटोतसुद्धा पाहिलेलं नव्हतं, असं तिचं म्हणणं. बायकोनं, काशीनं, होकार-नकार रावजींवर सोडला होता. आधीची दोन स्थळं त्यांनी भिंतीतली ओल बघून परतवली होती. इथे त्यांनी भिंत बोटानं ठोकून पाहिली, खिडकीचा उतार पाहिला. खोट सापडेना. मुलाची, गौरवची, नोकरी विचारायची राहून गेली. मग ते पुन्हा दिव्याकडे बघू लागले. शेजारी बसलेल्या अक्षयानं ओढणीचं टोक पिळायला घेतलं. ही नजर तिनं दोनदा पाहिली होती.

पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून गौरवच्या आईनं भर दुपारी बटण दाबलं.

दिव्याच्या पोटात, आतल्या गोल कडेवर, बारीक ठिपके उमटले होते. भांड्यावर नाव ठोकतात तशी ठिपक्यांची अक्षरं, तीही आतून उलटी. रावजींनी ती सावकाश लावली. ‘चि. रावजीस आत्याकडून.’

लग्नात आलेला त्यांचा स्टीलचा पेला. शिमग्यापासून सापडत नव्हता. शेजारच्या जनीशी त्यांनी त्यापायी बोलणं टाकलं होतं. तो पेला कोणीतरी पालथा घालून भोवती सिमेंट ओतलं होतं. आणि शिमग्यातच अक्षयानं, कॉलेजच्या कामाला म्हणून, त्यांच्याकडून घमेलंभर सिमेंट चाळून नेलं होतं.

रावजींनी अक्षयाकडे पाहिलं. ती फरशी बघत होती. समोर बसलेल्या गौरवकडे पाहिलं. तोही तीच फरशी बघत होता.

रावजी उठले. निघाले, असं सगळ्यांना वाटलं. काशीनं पर्स उचलली. पण त्यांनी दिव्यावरून अंगठा फिरवला, पार वरपासून खालपर्यंत.

“माल चांगला कालवलाय,” ते म्हणाले. “एक बुडबुडा नाही.”

गौरवच्या आईचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, आता मुलं जरा पडवीत बसू देत, बोलू देत, तेवढीच ओळख होईल.

“ओळख राहू दे, वहिनी,” रावजी खुर्चीत परत बसत म्हणाले. “आमच्या घरातलं आणखी एखादं भांडं नाहीसं व्हायच्या आत तुम्ही तारीख काढा.”