टाकीतलं पहिलं पाणी

क्लोरीन तपासायची कागदी पट्टी टाकीतल्या पाण्यात बुडवताच तिचं टोक गडद गुलाबी झालं. रंग टिकला नाही. साधनाच्या डोळ्यांदेखत तो विरत गेला आणि टोक पुन्हा पांढरं पडलं.

"पांढरी," मागून येऊन मुरलीधर म्हणाले. "म्हणजे क्लोरीन शून्य. टाकी धुऊन निघाली."

त्यांनी फक्त शेवट पाहिला होता. पाण्यात क्लोरीन नसेल तर पट्टीला रंग येतच नाही. फार जास्त असेल तर येतो, आणि तोच क्लोरीन मग तो रंग खाऊन टाकतो. साधनाने कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे वर्षानुवर्षं शिकवलं होतं. आता तिने ती पट्टी मुठीत मिटली.

शास्त्री नगरातल्या त्यांच्या घरासमोर गाडी उभी होती. मुरलीपुऱ्यातल्या गॅरेजमध्ये आतून राहण्याजोगी करून घेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर. आत दोन बिछाने, शेगडी, छोटं सिंक, आणि सिंकखाली पिण्याच्या पाण्याची टाकी. उद्या सकाळी दोघांना कच्छला निघायचं होतं. साधनाला गाडी येत नव्हती, चालवणार मुरलीधरच.

टाकी उन्हाळाभर बंद होती, म्हणून आज ती निर्जंतुक करायची होती. भरलेल्या टाकीत ब्लीच घालायचं, काही तास ठेवायचं, मग सगळं पाणी सोडून वास जाईपर्यंत टाकी धुवायची. लष्करातली सगळी नोकरी जवानांना शुद्ध पाणी पुरवण्यात गेलेल्या निवृत्त कर्नल मुरलीधरांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. अर्धा कप पुरे, असं म्हणत ते सकाळी मापून अर्धाच कप घेऊन गाडीत चढले होते.

चहानंतर ते पुन्हा कप घेऊन गेले. आंघोळीनंतर पुन्हा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून साधनाने पाहिलं होतं आणि कप धुवायला नेत असतील अशी स्वतःची समजूत घातली होती. अलीकडे ती अशा बऱ्याच समजुती घालत असे. गॅस कोणाकडूनही चालू राहतो. परवा घराच्याच वळणावर त्यांनी गाडी थांबवून आता कुठे वळायचं असं विचारलं, तेव्हा ऊन फार होतं.

ब्लीचची भरलेली बाटली सकाळीच उघडली होती. ती सिंकशेजारी रिकामी पडली होती. साधनाने गाडीतून खाली उतरून वाकून पाहिलं. टाकीचं पाणी बाहेर सोडायच्या तोटीखालची धूळ कोरडी होती. तिच्यावर पाण्याचा एक ओघळही नव्हता.

ती पुन्हा गाडीत चढली तेवढ्यात प्रणाली आली. ऑफिस शहरातल्या सी-स्कीम भागात आणि घरही तिकडेच, त्यामुळे लेक आठवड्यातून एकदाच यायची. आई-बाबांना निरोप द्यायला ती प्रवासासाठी रजई घेऊन आली होती. गाडीच्या पायरीवर चढताच तिने नाकाला ओढणी लावली.

"पापा, मतलब काय आहे हे? स्विमिंग पूल घेऊन निघालात की काय? डोळे चुरचुरतायत माझे."

"कसला वास?" मुरलीधर हसले. "तुम्हा आयटीवाल्यांची नाकं नाजूक. सगळी एसीत वाढलेली."

त्यांनी दीर्घ श्वास घेऊन दाखवला. ते खोकले नाहीत. डोळ्यांना पाणीही आलं नाही त्यांच्या; साधनाचे मात्र पाझरत होते. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच वास येत नव्हता.

तिने खालच्या आवाजात विचारलं, "अहो, ब्लीच किती वेळा घातलंत?"

"एकदा. ते एकदाच घालतात, साधना."

"आणि पाणी सोडलंत?"

"केव्हाच. धुऊन, परत भरूनसुद्धा ठेवली."

बोलताना त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. खोटं बोलणारा माणूस कुठेतरी अडखळतो. ते अडखळले नाहीत.

मुरलीधरांनी सिंकची तोटी उघडून स्टीलचा ग्लास भरला आणि प्रणालीला सांगायला लागले, की ते पाणी भरून द्यायचे तिथे पहिला ग्लास त्यांचा असे, त्याआधी कोणा जवानाला भांडं भरू देत नसत. लेकीला हे पाठ होतं.

"पापा पाच मिनिटं उभे राहिले, तर बाकीच्यांनी प्यायचं," ती त्यांच्या आवाजाची नक्कल करत म्हणाली.

"बरोबर," म्हणत त्यांनी ग्लास तोंडाकडे नेला.

साधनाने ग्लासाच्या तोंडावर तळहात ठेवला. पाणी हिंदकळून दोघांच्या मनगटांवर सांडलं.

"सोड," ते म्हणाले. आवाज शांत होता, पण ग्लासावरची पकड ढिली झाली नाही. "माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

प्रणालीचं हसू मावळलं. तिने ग्लासाकडे पाहिलं, मग आईकडे. पापा ठीक आहेत ना, असं ती दर वेळी फोनवर विचारायची, आणि साधना दर वेळी ठीक आहेत म्हणायची.

"आई?"

साधनाने हात काढला नाही. नवऱ्याच्या बोटांतली ताकद तिला जाणवत होती. ती जराही कमी झालेली नव्हती.

"तुम्ही टाकी रिकामी केली नाहीत," ती म्हणाली. "ब्लीच सगळं घातलंत, आणि त्यातलं काहीच तुम्हाला आठवत नाही. प्रणाली, तूही ऐक. आज पहिल्यांदा झालेलं नाही हे. उद्या आपण कुठे जात नाही. आणि यापुढे गाडी तुम्ही चालवायची नाही."