काढायचं कसं

लेकीच्या नव्या मोटारसायकलसाठी हेल्मेट आणि जॅकेट घ्यायला आलेल्या आईने दुकानदाराला जेरीस आणलं होतं. लेक आरशासमोर मिरवत होती. आईचं रंगाकडे लक्षच नव्हतं. तिने डोळे मिटून हेल्मेटचा पट्टा एका हाताने सोडून पाहिला. आतल्या गालाच्या गाद्या ओढून पाहिल्या. मग जॅकेट काउंटरवर उताणं पसरलं आणि चेन वरून खाली दोनदा उघडली.

“आई, लाज आणतेस हं,” लेक पुटपुटली.

दुकानदार हसला. “ताई, लोक घालून बघतात. तुम्ही आल्यापासून नुसतं काढूनच बघताय.”

“घालायचं तिला आहे,” आई म्हणाली. “मी अपघात विभागात नर्स आहे. सतरा वर्षं झाली, लोकांच्या अंगावरून हे काढायचं काम माझं. परवा एकाचं हेल्मेट काढलं, तर दोन तुकडे हातात आले. भाऊ, खरं सांगा, हे टिकेल ना?”

‘एकदम दणकट’ हे रोजचं उत्तर दुकानदाराच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. त्याने लेकीकडे पाहिलं. मग हेल्मेट आईच्या हातातून काढून घेतलं.

“हे राहू द्या,” तो हळूच म्हणाला. “माझ्या पोरीला दिलंय, तसलं आतून आणतो.”

आईचा जीव भांड्यात पडला. आत जाता जाता त्याने ते हेल्मेट फडक्याने पुसलं आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा फळीवर मांडलं.